पाहुण्यांचा अहवाल

अण्णांच्या हाती कागद लागला की त्याची घडी झालीच म्हणून समजा. मग तो कसला का असेना. बँकेचं पत्र असो, लग्नाची पत्रिका असो की इडलीखालचा कागद असो, सगळ्यांची गत एकच. आधी आडवी घडी, मग उभी, अंगठ्याच्या नखाने ती करकचून दाबायची आणि कागद उलगडायचा. चार घरं तयार. वरच्या दोन घरांत जोर आणि खोट, खालच्या दोन घरांत सोय आणि भय. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत या चार घरांना भारदस्त इंग्रजी नावं आहेत आणि ती शिकायला लोक मोठमोठ्या कॉलेजांत जातात. अण्णांनी ती आपल्या घरच्या भाषेत बसवून टाकली होती आणि जगातली कुठलीही गोष्ट या चार घरांत बसते असं त्यांचं ठाम मत होतं. ऑफिससमोरच्या दोसेवाल्याचा कागदही मी पाहिलाय. जोर: चटणी. खोट: चटणी एकदाच वाढतो. सोय: शेजारचं हॉटेल बंद पडलं. भय: मुलगा इंजिनीअर झाला.

मी मूळची निपाणीची. आमच्याकडे माणूस आवडला नाही तर तोंडावर सांगतात, आणि आवडला तर तोंडावरच शिव्या घालतात. त्यामुळे बेंगळुरूला आले तेव्हा इथल्या काचेच्या ऑफिसांमधला गोड आवाज मला सोसेना. कुणी चुकलं तर चुकलं म्हणत नाहीत, ‘शिकायची संधी’ म्हणतात. कुणाला काढलं तर काढलं म्हणत नाहीत, ‘त्यांचा पुढचा प्रवास सुरू झाला’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही माणसं सारखी कुठे प्रवासाला निघतायत? म्हटलं, विमान कंपनीच आहे, असेल बाबा.

तर परदेशातल्या एका मोठ्या विमान कंपनीचं हे ऑफिस. विमानं तिकडे उडतात, त्यांचा विचार इकडे होतो. तिसऱ्या मजल्यावर फोनकक्ष, म्हणजे प्रवाशांचे फोन घेणारी तीसेक माणसं. पाचव्या मजल्यावर आम्ही सहाजण, स्ट्रॅटेजीवाले. कंपनीने कुठल्या शहराला नवीन विमान सोडावं, कुठलं बंद करावं, आखाती कंपन्यांनी आपली गिऱ्हाइकं का पळवली, पुढची पाच वर्षं कशी असतील, याचा अहवाल आम्ही दरवर्षी लिहायचा. अण्णा आमचे प्रमुख. ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची असा वरून नियम होता, आणि तो अण्णांच्या बाबतीतही पाळला जायचा, कारण हेड ऑफिसच्या गोऱ्या साहेबांची समजूत होती की ‘अन्ना’ हेच त्यांचं नाव आहे.

अण्णांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी टिकलं, पण त्याला इथलं पाणी लागलं. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, “स्वल्प बस. हा कागद वाचून सोडतो, मग बोलूया. सरी?” स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं, हे मला नंतर कळलं; तेव्हा हसू आवरेना. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “कुठली तू?” निपाणी म्हटल्यावर म्हणाले, “मग तुझं मराठी भांडायला बरं. माझं मराठी बसायला बरं. दोन्ही लागतात ऑफिसात.”

त्यांच्या थोरल्या भावाचं चिकपेटेत साड्यांचं घाऊक दुकान होतं. हेड ऑफिसची कुठलीही नवी कल्पना आली की अण्णा म्हणायचे, “चिकपेटेत विचारून येतो.” आम्हाला वाटायचं थट्टा आहे. थट्टा कसली, शनिवारी मेट्रोने खरंच जायचे. एकदा वरून फर्मान आलं की तिकीट स्वस्त करायचं आणि खिडकीची जागा, पुढची जागा, पाय लांब करायची जागा, सगळ्याचे वेगळे पैसे घ्यायचे. याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. सोमवारी अण्णा भावाचं उत्तर घेऊन आले. भावाने पांढऱ्या गादीवर बसल्या बसल्या विचारलं होतं, “म्हणजे साडी विकायची आणि पदराचे पैसे वेगळे घ्यायचे? गिऱ्हाईक एकदा देईल. दुसऱ्यांदा समोरच्या दुकानात जाईल, आणि समोरच्याला आपली गोष्ट सांगेल.” अण्णांनी हे वाक्य अहवालात घातलं, खाली आधार म्हणून लिहिलं: ‘चिकपेट, प्रत्यक्ष मुलाखत’. हेड ऑफिसने विचारलं की चिकपेट ही सल्लागार कंपनी कुठल्या देशातली.

सोमवार म्हणजे फोनचा दिवस. साडेदहाला अण्णा आपल्याच कंपनीच्या मदतीच्या नंबरावर साधा प्रवासी म्हणून फोन लावायचे. म्हणत, घर कसं आहे ते बघायचं तर आपल्याच दाराची कडी बाहेरून वाजवून बघावी. कधी ते धारवाडचे निवृत्त मास्तर असत, कधी मुलाकडे निघालेली गोकाकची आजी. आजीचा आवाज काढायला ते पदर घेतल्यासारखा रुमाल डोक्यावर घेत, त्याशिवाय म्हणे आवाज लागत नाही. मग होल्डवरचं ते वाजंत्री सुरू व्हायचं, ट्यँ ट्यँ ट्यँव, आणि अण्णा घड्याळ लावून बसायचे. ती धून त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की देवाला फुलं वाहतानाही तीच गुणगुणत.

खाली फोन बहुतेक वेळा सुमित्रा उचलायची. ती अथणीची, कन्नड, मराठी, हिंदी, दख्खनी उर्दू, ज्याला जी लागेल ती बोलायची. तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं की आजी पाचव्या मजल्यावर बसते. पण तिने कधी दाखवलं नाही. “आजी, गुडघा कसा आहे आता? खुर्ची सांगून ठेवू का विमानतळावर?” असं ती अगदी मनापासून विचारायची, आणि अण्णा तितक्याच मनापासून गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगायचे. एकदा मी तिला म्हटलं, “अगं, ते अण्णा आहेत.” ती म्हणाली, “ठाऊक आहे हो अक्का. पण त्यांचा गुडघा खरंच दुखतो.” मी वर येऊन अण्णांना विचारलं, तर खरंच दुखत होता.

अण्णा विमानात बसले ते जन्मात एकदाच. हेड ऑफिसने सादरीकरणाला बोलावलं, आपल्याच कंपनीचं विमान. जेवणं झाली, दिवे मंद झाले, तसे अण्णा उठले आणि चौघडी केलेला कागद घेऊन ओळीओळीने फिरायला लागले. “नमस्कार. जेवण कसं होतं? पायाला जागा पुरते का?” लोकांना वाटलं कंपनीचाच माणूस, आणि होतेच की. एकाने त्यांच्या हातात रिकामा ट्रे दिला, तो त्यांनी नेऊन ठेवला. मग दुसऱ्याने दिला. अर्ध्या तासाने हवाई सुंदरीने त्यांना हाताला धरून जागेवर बसवलं आणि पट्टा आवळला. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसच्या थोरल्या टेबलाशी सगळे बसले असताना कुणीतरी विचारलं, कंपनीचा सगळ्यात मोठा जोर कोणता? अपेक्षा अशी की हे नव्या विमानांचं किंवा पॉइंटांच्या योजनेचं नाव घेतील. अण्णांनी कागद उघडला आणि वाचलं, “चौदाव्या ओळीत एक बाई एकटी होती, तान्हं मूल घेऊन. तुमच्या मुलीने ते मूल स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, तू आधी जेव. हे मी लिहून आणलंय. तुमच्या कागदांत कुठे सापडलं नाही.” त्यानंतर अण्णांना परत बोलावणं आलं नाही.

राजाजीनगरला त्यांच्या घरी मी दर रविवारी जेवायला जायची. वहिनींकडे, म्हणजे अण्णांच्या बायकोकडे, ताटांचे दोन संच. एक काचेची, निळ्या फुलांची, शोकेसमधली. ती पाहुण्यांना. दुसरी स्टीलची, काठाला पोचे आलेली, मागे अण्णांच्या आईचं नाव कोरलेली. ती घरच्यांना. पहिले काही रविवार मला काचेचं ताट मिळालं. मी जपून जेवायची, चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून. मग एका रविवारी वहिनींनी पोचे आलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं. नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

त्याच रविवारी अण्णांनी मला ऑफिसातलं गुपित सांगितलं. आमच्या कामाची रीत अशी होती की निष्कर्ष हेड ऑफिसहून आधी यायचा आणि मग त्याला शोभेल असं विश्लेषण आम्ही तीन महिने करायचं. आधी कळस, मग पाया. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की अण्णा दरवर्षी दोन अहवाल लिहायचे. एक इंग्रजीत, चित्रं-आलेखांनी सजवलेला, वर पाठवायला. तो पाहुण्यांचा अहवाल. दुसरा मराठीत, साधा, खराखुरा. तो घरचा. घरचा अहवाल ऑफिसच्या मशीनवर कधी नसायचा. राजाजीनगरच्या घरी, कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरवर दहा वर्षांचे दहा.

“मग पाठवता का नाही?” मी विचारलं.

“पाहुण्यांपुढे पोचे आलेलं ताट ठेवतात का?”

“आणि लिहिता तरी कशाला?”

अण्णांनी आमटीत भात कालवला. “पाहुण्यांचं रोज लिहून लिहून तेच खरं वाटायला लागतं ग. म्हणून एकदा घरचं लिहून सोडायचं.”

मला हे मुळीच पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. म्हटलं, हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. अण्णा हसले, पण वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला आणखी थोडा भात वाढला.

मग ते वर्ष आलं. निष्कर्ष नेहमीसारखा आधी आला: तिसऱ्या मजल्यावरचा फोनकक्ष बंद करावा आणि तिथे बोलणारं यंत्र बसवावं. तीस माणसांचा ‘पुढचा प्रवास’. सोबत हेड ऑफिसहून एक साहेब आला, तरणाबांड, हसरा, प्रत्येक गोष्टीला ‘काय रोमांचक’ म्हणणारा. फिल्टर कॉफी रोमांचक, ट्रॅफिक रोमांचक. त्याने यंत्र लॅपटॉपवर आणलं होतं. अण्णा म्हणाले, “स्वल्प थांबा,” आणि डोक्यावर रुमाल घेतला.

गोकाकच्या आजीने यंत्राला सांगितलं की तिची पिशवी विमानात राहिली, त्यात तिची औषधं आहेत आणि ती परक्या विमानतळावर उभी आहे. यंत्र शुद्ध मराठीत बोललं. तीनदा माफी मागितली, दोनदा आभार मानले, आजीच्या भावना समजतात म्हणालं आणि तिच्या मोबाइलवर एक लिंक पाठवली. साहेबाने टाळी वाजवली. “पाहिलंत? एकदाही चिडलं नाही.”

अण्णा रुमाल काढत म्हणाले, “पण पिशवी?”

“पिशवी हा दुसऱ्या विभागाचा विषय आहे,” साहेब म्हणाला.

त्या वर्षी अण्णांनी पाहुण्यांचा अहवाल लिहिला खरा, पण त्यांची घडी विस्कटली होती. कागद दुमडायचे आणि तसेच ठेवून द्यायचे. इंग्रजी मजकूर मी बसवला. यंत्राने वाचणारे पैसे, वाढणारा वेग, सगळं होतं. अण्णांनी सही केली. मी विचारलं, “सुमित्राचं काय?” त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. तो राग आजही मला खोटा वाटत नाही.

अहवाल पाठवायची मुदत शनिवारी दुपारी बाराची. नेमका त्याच शनिवारी मला बघायला पाहुणे येणार होते. आईबाबा निपाणीहून आले होते, आणि माझी खोली म्हणजे एक खाट आणि एक गॅस, म्हणून कार्यक्रम अण्णांच्या घरी ठरला. शेवटचे स्वल्पविराम तपासायचे राहिले होते, तेव्हा पाहुण्यांचा अहवाल मी पेनड्राइव्हवर घेऊन आले आणि कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही अहवाल एका मशीनवर आले ते असे, माझ्यामुळे.

पावणेबारा. मी साडी नेसून, केसांत अबोली माळून कॉम्प्युटरसमोर. वहिनी पोहे परततायत, शोकेसमधली काचेची ताटं टेबलावर आलीत. अण्णांनी हळूच माझ्या हातात एक कागद सरकवला. मुलाचा फोटो बघून त्यांनी चार घरं भरली होती. जोर: उंची. खोट: फोटोतसुद्धा आईकडे बघतोय. सोय: घर बनशंकरीला, ऑफिस जवळ. भय: ऐकणारा आहे, पण कुणाचं ते वर लिहिलंय. मला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक, “पाहुणे आले.” अण्णा दाराकडे पळत पळत म्हणाले, “पाठवून सोड आणि ये.” मी विभागाच्या मेलला फाइल जोडली, पाठवली, कॉम्प्युटर बंद केला आणि पोह्यांचा ट्रे उचलला. त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही. मुलाने मला एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारायच्या आधी आईकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी हेड ऑफिसचं पत्र आलं. आमच्या ‘धाडसी स्थानिक प्रयोगा’बद्दल आभार मानले होते. मराठी अहवाल त्यांनी त्यांच्या त्या यंत्राकडून भाषांतर करून घेतला होता, आणि यंत्राने काम चोख केलं होतं हे मान्य केलं पाहिजे. मी घरचा अहवाल पाठवला होता.

तेव्हाच मी तो पहिल्यांदा वाचला, तोही इंग्रजीत. अण्णांनी लिहिलं होतं: ‘आपली विमानं भाड्याची आहेत. जेवण ठेकेदाराचं आहे. इंधन जो तो त्याच विहिरीचं घेतो. खुर्च्या समोरच्याच्याही तशाच आहेत. आपलं स्वतःचं म्हणावं असं एकच उरलंय: फोन उचलून “बोला” म्हणणारं माणूस. गेल्या हिवाळ्यात सुमित्राने परक्या विमानतळावर चुकलेल्या एका म्हाताऱ्याला दुसऱ्या विमानात बसेपर्यंत फोनवर सोबत केली. पाटी वाचून दाखवा म्हणायची आणि अक्षर अक्षर जुळवून त्याला वाट सांगायची. तो म्हातारा, त्याची मुलं, त्याची गल्ली, आता दुसऱ्या कंपनीने जाणार नाहीत. हे विकू नका. विकायचंच असेल तर पाचवा मजला विका. आम्ही सहाजण वर्षभर जे लिहितो ते तुमचं यंत्र एका दुपारी लिहील, कारण आम्हीही ते मनापासून लिहीत नाही.’

दुपारी पडद्यावर बैठक. तो रोमांचक साहेब, आणि त्याच्या शेजारी कंपनीच्या सर्वांत मोठ्या बाई, पिकल्या केसांच्या, न हसणाऱ्या. बाईंनी विचारलं, “हे कुणी पाठवलं?”

मी तोंड उघडलं. अण्णांनी टेबलाखालून एक चौघडी माझ्या हातात कोंबली. चारही घरांत एकच गोष्ट लिहिली होती: गप बस. आणि ते पडद्याकडे बघून म्हणाले, “मी.”

“तुम्ही स्वतःचाच विभाग बंद करा म्हणताय?”

“होय. चिकपेटेत विचारून घेतलंय.”

दोन महिन्यांनी निकाल आला. फोनकक्ष तूर्त तसाच ठेवावा. स्ट्रॅटेजीत सहाच्या जागी दोन माणसं पुरेत, पहिला मसुदा यंत्राने लिहावा. अण्णांचा पुढचा प्रवास सुरू झाला, मुदतीच्या चार वर्षं आधी. मी त्यांच्या घरी जाऊन रडले, चूक माझी होती म्हटलं, वर कळवते म्हटलं. अण्णा म्हणाले, “इरली, असू दे, सोड. अकरा वर्षं माझ्याने झालं नाही ते तुझ्या हातून झालं. आता त्याला चूक म्हणून माझी अब्रू घालवू नकोस.”

आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या अहवालाच्या शेवटच्या पानावर आमच्या विभागाची चार घरं होती, ती मी सांगितली नाहीत. जोर: निपाणीची मुलगी. तोंडावर बोलते. भय: तिला माझी खुर्ची मिळणे.

हे वाचून मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, अण्णांचं एक विश्लेषण तरी चुकणार.

पहिल्या वर्षी मी दोन अहवाल लिहिले. दुसऱ्या वर्षी घरचा अहवाल दीड पानाचा झाला. तिसऱ्या वर्षी वेळच मिळाला नाही. सोमवारचा फोन बंद पडला, बैठका असतात. रविवारचं जेवणही दोन-तीन महिन्यांतून एकदा. एकदा गेले तर वहिनींनी शोकेस उघडली आणि निळ्या फुलांचं ताट काढलं. “मोठी ऑफिसर झालीस ग,” असं कौतुकाने म्हणाल्या, त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण मी पुन्हा चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून जपून जेवले. अण्णा खाली बघून जेवत होते. आता ते रोज भावाच्या दुकानात जातात आणि साड्यांच्या घड्या घालतात. भाऊ म्हणतो, अशी घडी चिकपेटेत कुणाची नाही.

या वर्षीचा निष्कर्ष गेल्या महिन्यात आला. तोच. तिसरा मजला. यंत्र आता कन्नडमध्येही माफी मागायला शिकलंय. मी पाहुण्यांचा अहवाल लिहायला घेतला आणि तो झरझर झाला, कुठे अडलंच नाही. शुक्रवारी लिफ्टमध्ये सुमित्रा भेटली. पूर्वी अक्का म्हणायची, आता मॅडम म्हणते. “मॅडम, आमचं काहीतरी चाललंय म्हणतात वर. खरं का?”

“छे ग,” मी म्हणाले, “काळजी करू नकोस. सगळे बदल चांगल्यासाठीच असतात.”

ती सरी म्हणून तिसऱ्या मजल्यावर उतरली. दार मिटलं आणि माझाच आवाज माझ्या कानात घुमत राहिला. गोड, गुळगुळीत, मधात बुडवलेला. निपाणीत या आवाजात मला कुणी बोललं असतं तर मी त्याचं थोबाड रंगवलं असतं.

शनिवारी मी ऑफिसात एकटी बसले. इंग्रजी अहवाल बाजूला ठेवला आणि मराठीत एकच लिहिला. कागद दुमडायची गरज पडली नाही. खोटीच्या घरात पहिलं नाव माझं घातलं, तीन वर्षं तुम्हाला बरं वाटेल तेच लिहिलं म्हणून. जोराच्या घरात तिसरा मजला. बारा वाजायच्या आत पाठवला. फाइल दोनदा तपासून, डोळे उघडे ठेवून. लगेच यंत्राचं उत्तर आलं: आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तिसरा मजला राहील की जाईल, आणि पाचव्यावर मी राहीन की जाईन, कशाचाच भरवसा नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

रविवारी राजाजीनगरला गेले, न कळवता. वहिनींनी मला बघितलं आणि त्या शोकेसकडे वळल्या. मी म्हटलं, “थांबा वहिनी.” स्वयंपाकघरात जाऊन मांडणीवरचं पोचे आलेलं ताट स्वतः काढलं, धुतलं, पुसलं आणि अण्णांच्या शेजारी मांडून पाटावर बसले.

अण्णांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“पाठवलास?”

“पाठवला.”

कुठला, ते त्यांनी विचारलं नाही. डोळे मात्र भरून आले, ते लपवायला त्यांनी उगीच मिठाची बरणी शोधली. मग वहिनींना म्हणाले, “वाढ तिला. भूक लागली असेल.”